हिमालयातली राज्यं, त्यांची युद्धं आणि त्यांचं स्वातंत्र्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिक्कीम-भूतानची सहल ठरवणारे, काठमांडूला जाऊन आलेले आणि स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारे वाचक काही प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात. ते इथे एकत्र केले आहेत. सोपे प्रश्न आधी आहेत, गुंतागुंतीचे शेवटी. एकच गोष्ट दोन ठिकाणी येत असेल तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हिमालयातली राज्यं म्हणजे नेमकी कोणती?

नेपाळ, भूतान आणि सिक्कीम ही तीन नावं लगेच आठवतात. पण अठराव्या शतकापर्यंत या पट्ट्यात डझनावारी राज्यं होती. पश्चिमेला लडाख आणि कांगडा, मध्ये गढवाल आणि कुमाऊं, आजच्या नेपाळच्या हद्दीत जुमला, मुस्तांग, गोरखा, मकवानपूर आणि काठमांडू खोऱ्यातली तीन मल्ल राज्यं, तर पूर्वेला सिक्कीम आणि भूतान. पश्चिम तिबेटात गुगे होतं. यातली बहुतेक राज्यं दुसऱ्या हिमालयी राज्यानेच गिळली. इंग्रज बरेच उशिरा आले.

२. एवढ्या दुर्गम डोंगरात लढण्यासारखं होतं तरी काय?

खिंडी आणि व्यापार. तिबेटचं मीठ, लोकर आणि सोनं खाली येई, धान्य आणि कापड वर जाई. ज्याच्या ताब्यात खिंड, त्याला जकात. काठमांडूला केरुङ आणि कुती या दोन वाटा महत्त्वाच्या होत्या, लडाखला पश्मिना लोकर.

नाण्यांवरूनही युद्ध पेटलं. काठमांडू खोऱ्यातले मल्ल राजे तिबेटसाठी चांदीची नाणी पाडत आणि नफा कमावत. पुढे त्यांत भेसळ वाढली. गोरख्यांनी खोरं जिंकून शुद्ध चांदीची नाणी काढली, तेव्हा जुन्या हिणकस नाण्यांचा भाव काय धरायचा, यावर तिबेटशी तंटा झाला. १७८८ च्या नेपाळ-तिबेट युद्धाचं हे एक मोठं कारण होतं. भूतानच्या इंग्रजांशी झालेल्या लढाईमागे पायथ्याची सुपीक जमीन होती (प्रश्न ९).

३. नेपाळ एक देश कधी झाला?

पृथ्वीनारायण शाह १७४३ मध्ये गोरखा या लहानशा डोंगरी राज्याचे राजे झाले आणि १७७५ मध्ये वारले. या ३२ वर्षांत आजच्या नेपाळचा पाया घातला गेला. त्यांनी काठमांडूवर थेट चाल केली नाही. १७४४ मध्ये तिबेटच्या वाटेवरचं नुवाकोट घेतलं, १७६२ मध्ये मकवानपूर, आणि खोऱ्याची नाकेबंदी केली. मल्ल राजाच्या मदतीला ईस्ट इंडिया कंपनीने १७६७ मध्ये कॅप्टन किनलॉकला पाठवलं. त्याची तुकडी अर्ध्या वाटेतूनच मार खाऊन परतली. १७६८ मध्ये ऐन इंद्रजात्रेच्या दिवशी काठमांडू पडलं, पाठोपाठ पाटण, आणि १७६९ मध्ये भक्तपूर.

या विजयाची दुसरी बाजूही सांगायला हवी. कीर्तिपूरने आधीचे हल्ले परतवले होते. ते गाव अखेर हाती आल्यावर तिथल्या माणसांची नाकं कापली गेली. एकीकरण हा शब्द काठमांडूत अभिमानाने उच्चारला जातो, पण कीर्तिपूरच्या नेवार कुटुंबांत ही आठवण अजून जिवंत आहे.

४. गोरख्यांचं राज्य सतलजपर्यंत होतं, हे खरं का?

खरं आहे, पण थोड्या वर्षांसाठी. कुमाऊं १७९० च्या सुमारास गोरख्यांच्या हाती गेलं. १८०४ मध्ये देहरादूनजवळ खुडबुड्याच्या लढाईत गढवालचे राजे प्रद्युम्न शाह मारले गेले. पुढे अमरसिंह थापांची फौज सतलज ओलांडून कांगडा किल्ल्याला वेढा घालून बसली. कांगड्याच्या संसारचंदांनी रणजितसिंहांना बोलावलं. १८०९ मध्ये रणजितसिंहांनी गोरख्यांना मागे रेटलं आणि किल्ला स्वतःकडेच ठेवला. पूर्वेला सिक्कीमची राजधानी राबदेंत्सेही गोरखा स्वारीत उद्ध्वस्त झाली.

गढवाल-कुमाऊंत हा काळ ‘गोरख्याणी’ म्हणून ओळखला जातो आणि जुलमी करांसाठी, माणसं गुलाम म्हणून विकली जाण्यासाठी आठवला जातो. नेपाळच्या नकाशावरच्या ‘विशाल नेपाळ’चं चित्र पाहताना ही बाजू झाकली जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

५. इंग्रज-नेपाळ युद्धात नेमकं काय झालं?

बुटवल आणि स्युराज या तराईतल्या, म्हणजे पायथ्याच्या सपाट पट्ट्यातल्या, मुलखावरून वाद सुरू झाला आणि १८१४ च्या शेवटी युद्ध. कंपनीने चार बाजूंनी फौजा पाठवल्या. पहिल्याच मोठ्या लढाईत तिची नाचक्की झाली. देहरादूनजवळ नालापानीच्या टेकडीवर बलभद्र कुंवर सुमारे ६०० माणसं घेऊन बसले होते. त्यांत बायकामुलंही होती. ३१ ऑक्टोबर १८१४ ला जनरल गिलेस्पी तिथे गोळी लागून पडला. किल्ला शेवटी पडला तो तहानेमुळे: इंग्रजांनी पाण्याची वाट तोडली. उरलेल्या मूठभर माणसांसह बलभद्र वेढा फोडून निघून गेले. विजेत्यांनी आपल्या मृतांच्या स्तंभाशेजारी या शत्रूच्या शौर्यासाठीही स्तंभ उभारला. देहरादूनला गेलात तर तो अवश्य पाहा.

युद्धाचा निकाल पश्चिमेला कंपनीचा सेनापती ऑक्टरलोनीने लावला. त्याने घाई केली नाही. तो रस्ते बांधत, तोफा डोंगरावर चढवत पुढे सरकला. एप्रिल १८१५ मध्ये देउथलला म्हातारे गोरखा सरदार भक्ती थापा पडले, मे महिन्यात मलाऊंला अमरसिंहांनी शस्त्रं ठेवली. सुगौलीचा तह डिसेंबर १८१५ मध्ये लिहिला गेला, पण काठमांडू दरबार सही करेना. तेव्हा ऑक्टरलोनी मकवानपूरपर्यंत चालून आला आणि ४ मार्च १८१६ ला तह पक्का झाला. काली नदीच्या पश्चिमेचा आणि मेची नदीच्या पूर्वेचा मुलूख गेला. तराईचा मोठा पट्टाही गेला. त्यातला काही भाग त्याच वर्षी परत मिळाला, आणि पश्चिम तराईतले बांके, बर्दिया, कैलाली, कंचनपूर हे जिल्हे १८५७ च्या उठावातल्या मदतीचं बक्षीस म्हणून १८६० मध्ये.

६. नेपाळ कधीच पारतंत्र्यात नव्हता, असं म्हणतात. हे बरोबर आहे का?

इंग्रजांची वसाहत तो कधीच नव्हता. पण पूर्ण मोकळाही नव्हता. सुगौलीच्या तहाने काठमांडूत ब्रिटिश रेसिडेंट आला, आणि कंपनीच्या संमतीशिवाय कुणाही युरोपीय वा अमेरिकन माणसाला नोकरीत घ्यायचं नाही अशी अट आली. मराठी वाचकाला रेसिडेंट म्हटल्यावर पुण्याचा एल्फिन्स्टन आठवेल. फरक असा की काठमांडूतल्या रेसिडेंटला खोऱ्याबाहेर सहज फिरताही येत नसे, आणि तिथे तैनाती फौज कधी बसली नाही.

इंग्रजांनी मुलूख खालसा का केला नाही? डोंगरात लढणं खर्चिक होतं, उत्पन्न बेताचं, तराईत हिवतापाने पलटणी गारद होत, आणि मागे चीन होता. शिवाय १८१५ पासून गोरखा शिपाई कंपनीच्या फौजेत भरती होऊ लागले होते. जिंकण्यापेक्षा मित्र ठेवणं स्वस्त पडलं. १८४६ मध्ये काठमांडू दरबारात झालेल्या कत्तलीनंतर, म्हणजे कोतपर्वानंतर, जंगबहादूर सत्तेवर आले आणि राणा घराण्याने शाह राजांना नामधारी करून १९५१ पर्यंत राज्य केलं. त्यांची सत्ता इंग्रजांच्या मर्जीला धरून चाले. ब्रिटनने नेपाळचं स्वातंत्र्य स्पष्ट शब्दांत मान्य केलं ते १९२३ च्या तहात, पहिल्या महायुद्धात नेपाळने दिलेल्या सैनिकांनंतर. संयुक्त राष्ट्रांचं सभासदत्व १९५५ मध्ये मिळालं.

७. मग नेपाळ चीनला खंडणी द्यायचा, हे काय प्रकरण आहे?

१७९१ मध्ये गोरखा फौजेने तिबेटातला ताशिल्हुन्पो मठ लुटला. चिडलेल्या चिंग सम्राटाने फौज पाठवली आणि १७९२ मध्ये ती नुवाकोटजवळ बेत्रावतीपर्यंत पोचली. तह झाला. दर पाच वर्षांनी भेटी घेऊन शिष्टमंडळ पेकिंगला पाठवायचं ठरलं. शेवटचं शिष्टमंडळ १९०६ मध्ये निघालं.

नेपाळला हे मांडलिकत्व वाटत नव्हतं. तिकडून येताना व्यापारात नफा आणि मानाची वस्त्रं मिळत. त्याच काळात, १८५५-५६ च्या युद्धानंतर, तिबेट नेपाळला दरसाल १०,००० रुपये देत होता. म्हणजे तिबेट नेपाळला पैसे देई, नेपाळ चीनला भेटी पाठवी, आणि तिबेटवर हक्क चीन सांगे. आजच्या सार्वभौमत्वाच्या चौकटीत हे बसत नाही, आणि बसवायला गेलं की इतिहास वाकडा होतो.

८. मराठ्यांचा आणि नेपाळचा काही संबंध आला का?

आला. नेपाळचे मुख्य कारभारी भीमसेन थापांनी इंग्रजांविरुद्ध हिंदुस्थानातल्या सत्तांची आघाडी व्हावी म्हणून शिंद्यांच्या ग्वाल्हेर दरबाराकडे आणि रणजितसिंहांकडे संधान बांधलं होतं. पण एकाने लढायचं आणि दुसऱ्याने वाट पाहायची, असंच घडत गेलं. नेपाळ १८१६ मध्ये हरला आणि दोनच वर्षांत पेशवाई बुडाली.

दुसरा धागा १८५७ चा. जंगबहादूर स्वतः फौज घेऊन इंग्रजांच्या बाजूने लखनौला लढले. त्यांच्याच राज्यात हरलेले पुढारी आसऱ्याला गेले. नानासाहेब पेशवे नेपाळच्या तराईत शिरले आणि तिथे त्यांचा माग सुटला. अवधच्या बेगम हजरत महल १८७९ मध्ये काठमांडूतच वारल्या, त्यांची कबर तिथे आहे.

९. भूतान कसं तयार झालं, आणि त्याचं इंग्रजांशी युद्ध का झालं?

१६१६ मध्ये तिबेटातल्या गादीच्या वादातून झाबद्रुंग ङवांग नामग्याल दक्षिणेला आले. त्यांनी खोऱ्याखोऱ्यांत झोंग, म्हणजे मठ आणि किल्ला एकत्र असलेल्या वास्तू बांधल्या आणि तिबेटच्या स्वाऱ्या परतवल्या. १६५१ मध्ये ते वारले, पण राज्य फुटू नये म्हणून त्यांचा मृत्यू जवळपास अर्धं शतक गुप्त ठेवला गेला. ते एकांतात ध्यानाला बसले आहेत असंच सांगितलं जाई.

पायथ्याच्या १८ दुआरांवर, म्हणजे मैदानात उतरणाऱ्या वाटांच्या सुपीक पट्ट्यावर, भूतानचा ताबा होता. आसामकडचे सात दुआर इंग्रजांनी १८४१ मध्ये घेतले. १८६४ मध्ये इंग्रजांचा दूत अॅश्ली इडन वाटाघाटींना गेला, तेव्हा भर दरबारात त्याच्या तोंडाला ओलं पीठ फासलं गेलं आणि जबरदस्तीने कागदावर सही घेतली गेली. त्या वर्षाच्या अखेरीस युद्ध सुरू झालं. भूतानी सैनिकांनी देवानगिरीहून इंग्रजांना हुसकावून लावलं, तोफाही ताब्यात घेतल्या, पण ते यश टिकलं नाही. ११ नोव्हेंबर १८६५ च्या सिंचुला तहाने उरलेले दुआरही गेले. मोबदला म्हणून वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत रक्कम ठरली. आजचे अलीपूरद्वार आणि जलपायगुडीतले चहाचे मळे याच जमिनीवर आहेत.

१०. भूतानमध्ये राजा फक्त १९०७ पासून आहे, मग आधी कोण राज्य करत होतं?

धर्माचा प्रमुख वेगळा, कारभाराचा प्रमुख वेगळा, आणि प्रत्यक्षात प्रांतांचे पेनलोप, म्हणजे सुभेदार, बलवान. त्यांच्यात सतत यादवी चाले. १८८५ मध्ये थिंफूजवळ चांगलिमिथांगच्या लढाईत त्रोंग्साचे पेनलोप उग्येन वांगचुक यांनी विरोधकांना हरवलं. इडनचा अपमान करणाऱ्या जिग्मे नामग्यालांचेच हे चिरंजीव. पण त्यांनी उलटा मार्ग धरला: १९०४ मध्ये ब्रिटिश अधिकारी यंगहजबंडच्या ल्हासा मोहिमेत त्यांनी इंग्रज आणि तिबेटी यांच्यात मध्यस्थी केली. १७ डिसेंबर १९०७ ला ते वंशपरंपरागत राजे झाले.

११. सिक्कीमचं राज्य किती जुनं होतं?

१६४२ मध्ये युक्सोमला फुंत्सोग नामग्याल यांना तीन लामांनी चोग्याल, म्हणजे धर्मराजा, म्हणून बसवलं. हे राज्य लहान आणि चहूबाजूंनी दाबलेलं. गोरख्यांनी घेतलेला मुलूख १८१७ च्या तितालिया तहाने इंग्रजांनी परत मिळवून दिला, पण त्यातून उपकाराचं ओझं आलं. १८३५ मध्ये दार्जिलिंग इंग्रजांकडे गेलं. १८४९ मध्ये दार्जिलिंगचा इंग्रज अधिकारी डॉ. कॅम्पबेल आणि वनस्पतिशास्त्रज्ञ हूकर यांना सिक्कीममध्ये अटक झाली, त्याच्या शिक्षेदाखल तराई गेली. १८६१ च्या तुमलोंग तहानंतर राज्य इंग्रजांच्या हातात आलं.

१२. भूतान देश राहिला आणि सिक्कीम भारताचं राज्य झालं. असं का?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच. बरेच जण उत्तर १९७५ मध्ये शोधतात. माझ्या मते दोघांच्या वाटा १८८९ ते १९१० या काळातच वेगळ्या झाल्या होत्या.

सिक्कीममधून ल्हासाची सगळ्यात सोपी वाट जाते. त्यामुळे इंग्रजांना ते राज्य नुसतं शांत असून चालत नव्हतं, हाताखाली हवं होतं. १८८९ मध्ये गंगटोकला जे. सी. व्हाइट हा पोलिटिकल ऑफिसर बसला आणि कारभार त्याने हातात घेतला. चोग्याल थुतोब नामग्याल यांना नजरकैदेत ठेवलं गेलं. १८९० मध्ये कलकत्त्याला चीन आणि ब्रिटन यांनी करार करून सिक्कीमवर ब्रिटिश संरक्षण मान्य केलं, आणि त्या मेजावर सिक्कीमचा कुणी नव्हता. महसूल वाढावा म्हणून नेपाळी शेतकऱ्यांना जमिनी देण्याचं धोरण जोरात राबवलं गेलं. काही दशकांत तेच बहुसंख्य झाले, पण राजघराणं आणि जमीनदार काझी मुख्यतः भुतिया-लेपचा राहिले. पुढचा संघर्ष इथेच पेरला गेला.

भूतानने १९१० मध्ये पुनाखाला वेगळा करार केला: परराष्ट्र व्यवहारात ब्रिटिशांचा सल्ला मानू, पण अंतर्गत कारभारात त्यांनी हात घालायचा नाही. तिथे रेसिडेंट बसला नाही. सिक्कीम नरेंद्रमंडळात, म्हणजे संस्थानिकांच्या चेंबर ऑफ प्रिन्सेसमध्ये होतं, भूतान नव्हतं. १९४७ मध्ये दिल्लीसमोर कागद उघडले गेले, तेव्हा हा फरक स्पष्ट दिसत होता. म्हणून ८ ऑगस्ट १९४९ च्या करारात भूतान देश म्हणून आला. देवानगिरीचा भाग त्याला परत मिळाला आणि वार्षिक रक्कम ५ लाख झाली. ५ डिसेंबर १९५० च्या करारात सिक्कीम मात्र ‘संरक्षित राज्य’ झालं. संरक्षण, परराष्ट्र आणि दळणवळण भारताकडे गेलं.

त्यानंतर भूतान पायरी पायरीने जगासमोर आलं आणि १९७१ मध्ये संयुक्त राष्ट्रांत पोचलं. सिक्कीमच्या चोग्याल पाल्देन थोंडुप नामग्याल यांनाही तसंच हवं होतं, पण त्यांच्या प्रजेचा मोठा भाग त्यांच्यामागे नव्हता. राजाला दिल्लीशी भांडायचं होतं आणि बहुसंख्य प्रजेला राजाशी.

१३. सिक्कीमचं १९७५ चं सार्वमत खरं होतं की बळजबरीचं?

घटनाक्रम असा. एप्रिल १९७३ मध्ये निवडणुकीतल्या गैरप्रकारांवरून मोठं आंदोलन झालं आणि ८ मे ला चोग्याल, भारत सरकार आणि सिक्कीममधले राजकीय पक्ष यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. १९७४ च्या निवडणुकीत काझी ल्हेंडुप दोरजी यांच्या सिक्कीम काँग्रेसने ३२ पैकी ३१ जागा जिंकल्या. ९ एप्रिल १९७५ ला भारतीय सैन्याने राजवाड्याच्या पहारेकऱ्यांना निःशस्त्र केलं, त्यात एक जण मारला गेला. १४ एप्रिलला मतदान झालं: बाजूने ५९,६३७, विरोधात १,४९६. १६ मे ला सिक्कीम भारताचं २२ वं राज्य झालं.

राजेशाहीविरुद्धचा राग खरा होता, हे १९७४ चा निकाल सांगतो. पण राजाला नजरकैदेत ठेवून पाच दिवसांत घेतलेलं आणि ‘राजेशाही संपवायची का’ व ‘भारतात यायचं का’ हे एकाच प्रश्नात बांधलेलं मतदान निर्दोष होतं, असं म्हणता येत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. घटनेचं कलम ३७१ फ सिक्कीमच्या जुन्या कायद्यांना आजही संरक्षण देतं.

१४. भूतानचं परराष्ट्र धोरण अजून भारत ठरवतो का?

कायद्याने नाही. १९४९ च्या कराराच्या दुसऱ्या कलमात भारताचा सल्ला मानण्याची तरतूद होती, ती २००७ च्या नव्या कराराने निघाली. २००८ मध्ये राजानेच पुढाकार घेऊन राज्यघटना आणि निवडणुका आणल्या. चीनशी भूतानचे राजनैतिक संबंध नाहीत, मात्र सीमेवर वाटाघाटी चालू आहेत. डोकलाममध्ये २०१७ साली भारतीय सैन्य उतरलं ते भूतान दावा सांगत असलेल्या जागेवर.

१५. लडाख स्वतंत्र राज्य होतं का?

होतं, नऊशे वर्षांच्या आसपास. जम्मूच्या गुलाबसिंहांचे सेनापती जोरावरसिंह १८३४ मध्ये तिथे शिरले आणि काही वर्षांत राज्य संपलं. राजघराण्याला स्तोक गाव मिळालं. १८४१ मध्ये जोरावरसिंह पश्चिम तिबेटात थेट तकलाकोटपर्यंत गेले आणि १२ डिसेंबरला, हाडं गोठवणाऱ्या थंडीत, लढाईत मारले गेले. शिपायांनी उबेसाठी बंदुकांचे दस्ते जाळल्याचं सांगतात. तिबेटी फौज लेहपर्यंत आली, तिला मागे हटवलं गेलं आणि सप्टेंबर १८४२ मध्ये तह झाला. त्यात ‘जुन्या सीमा’ मान्य केल्या आहेत, पण त्या सीमा कुठून कुठे जातात हे लिहिलेलं नाही. आजच्या वादाचं एक मूळ तिथे आहे.

१६. गोव्याच्या पाद्र्यांनी तिबेटात चर्च बांधलं होतं, ही दंतकथा आहे का?

नाही. आंतोनियो दी आंद्रादे हे पोर्तुगीज जेझुइट १६२४ मध्ये आग्ऱ्याहून माणा खिंडीतून गुगेची राजधानी त्सापारांगला पोचले आणि १६२६ मध्ये तिथे चर्च उभं राहू लागलं. राजाने त्यांना मान दिला, लामा नाराज झाले. १६३० मध्ये लडाखने गुगे जिंकलं. आंद्रादे तोपर्यंत गोव्यात परतले होते. १६३४ मध्ये तिथेच विषप्रयोगाने त्यांचा मृत्यू झाला.

१७. आता हिमालयात किती राजे उरले?

सत्तेवर एकच, भूतानचे. नेपाळची राजेशाही २८ मे २००८ ला संपली आणि त्याच वर्षी मुस्तांगच्या राजांचं मानाचं पदही गेलं.

१८. कैलासाजवळची काही गावं लडाखची आणि भूतानची होती म्हणे?

होती. सतराव्या शतकात लडाखने भूतानच्या द्रुक्पा पंथाची बाजू घेतली आणि १६७९ ते १६८४ या काळात तिबेटशी युद्ध ओढवून घेतलं. लडाखने काश्मीरच्या मुघल सुभेदाराची मदत मागितली. तिंगमोसगांगच्या तहात गुगे आणि रुदोक गेले, पण कैलासाजवळचं मिन्सार गाव देवपूजेच्या खर्चासाठी लडाखकडे राहिलं. पुढे जम्मू-काश्मीर दरबार तिथला महसूल घेई. भूतानकडेही दारचेनसह काही ठिकाणं होती. चीनने तिबेटावर पकड बसवल्यावर, १९५० च्या दशकात, दोघांचेही हक्क व्यवहारात संपले.

१९. सुगौलीच्या तहात सीमा ठरली असेल, तर कालापानीचा वाद कसला?

तहात (प्रश्न ५) काली नदी ही सीमा आहे, पण तिचा उगम कुठला हे सांगितलेलं नाही. नेपाळ म्हणतो, लिंपियाधुराकडून येणारा मोठा प्रवाह हीच काली. भारत म्हणतो, तो प्रवाह कुटी यांगती, आणि काली कालापानीजवळ सुरू होते. १८१७ मध्ये नेपाळच्या मागणीवरून टिंकर आणि छांगरू ही गावं त्याला मिळाली, कुटी, नाबी आणि गुंजी मात्र इंग्रजांनी सोडली नाहीत. भारत या निर्णयाचा आधार घेतो, नेपाळ तहाच्या मूळ शब्दांचा आणि त्यानंतरच्या काही जुन्या नकाशांचा. नोव्हेंबर २०१९ मध्ये भारताने नवा राजकीय नकाशा काढला. २०२० मध्ये नेपाळने लिंपियाधुरासह आपला नकाशा छापला आणि संसदेत घटनादुरुस्ती करून तो राष्ट्रचिन्हातही घातला.